आत्याबाईंचा अर्धा इंच

माझी आत्या जागतिक नागरिकत्वाची शिक्षिका झाली, कारण नेमक्या त्या क्षणी तिच्या तोंडात पाच टाचण्या होत्या.

ती आमच्याच शाळेत शिवण शिकवायची. बावीस वर्षं. शिक्षकांच्या खोलीत मोकळ्या तासाला बसली की मांडीवर कुणाचं तरी काहीतरी दुरुस्तीला असायचंच. संगीताच्या बाईंच्या स्कर्टची अडकलेली चेन, नाहीतर शिपाईकाकांच्या कोटाचं अस्तर. त्या दिवशी ती एका बाहीला टाचण्या लावत होती आणि उरलेल्या टाचण्या, नेहमीच्या सवयीने, ओठांत धरून बसली होती. तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, हातात एक परिपत्रक घेऊन आत आल्या.

"वरून नवीन कार्यक्रम आलाय," त्या म्हणाल्या. "'उद्याचे जागतिक नागरिक'. आठवीला आठवड्यातून दोन तास. कोण घेतंय?"

गणिताच्या सरांनी तपासून झालेली वही पुन्हा तपासायला घेतली. इतिहासाच्या बाईंना खिडकीबाहेर एकाएकी काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं. भूगोलाचे सर, ज्यांच्या विषयाला हा अगदी लागूनच होता, ते चष्मा पुसू लागले आणि पुसतच राहिले.

मोठ्या बाईंची नजर फिरत फिरत आत्यावर येऊन थांबली. "तुम्ही?"

"म्म्म," आत्या म्हणाली.

"छान," असं म्हणून मोठ्या बाईंनी नाव लिहूनही टाकलं.

आत्या एकेक टाचणी काढून सुयांच्या उशीत खोचेपर्यंत त्या अर्धा जिना चढून गेल्या होत्या. आत्या मागे धावली. "अहो बाई, मला आपल्या गल्लीतलं जग धड माहीत नाही. मी 'नाही' म्हणत होते!"

मोठ्या बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. पुढच्या वर्षापासून शिवण हा विषय बंद होणार होता. शिवणाच्या खोलीत मोडके बाक रचायचे होते आणि आत्याला ग्रंथालयात पाठवायचं होतं, पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला.

"पण या कार्यक्रमाला स्वतंत्र खोली द्यावी, असं परिपत्रकात आहे," त्या म्हणाल्या. "सत्राच्या शेवटी अधिकारी तपासायला येतील. त्यांनी पसंत केलं तर खोली कार्यक्रमाची आणि कार्यक्रम तुमचा. नाहीतर कव्हरं."

ती खोली तळमजल्याच्या टोकाला होती. सहा पायमशिनी, एक लांब टेबल, भिंतीवर कागदी खाके अडकवायचे खिळे. दिवसभरात उन्हाचा एक पट्टा खिडकीतून उतरून पहिल्या मशीनपासून पाचव्या मशीनपर्यंत सावकाश चालत जायचा. सहावीपर्यंत तो कधीच पोचला नाही, म्हणून सहावीच्या डोक्यावर आत्याने दिवा लावून घेतला होता. कुठली मशीन पावसाळी हवेत अडते, कुठलीला टीप घालताना खोकल्यासारखा आवाज येतो, हे तिला स्वतःच्या गुडघ्यांइतकं माहीत होतं. ती खोली सोडून पुस्तकांना कव्हरं घालायची कल्पना तिला सहन होईना. म्हणून तिने जग शिकवायचं ठरवलं.

आत्या आमच्याच घरी राहायची. त्या संध्याकाळी ती कार्यक्रमाची मार्गदर्शिका घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. माझे बाबा तिचे मोठे भाऊ. त्यांनी समोर पेपर उघडला होता, पण कान इकडेच होते.

"दादा, 'समग्र दृष्टिकोन' म्हणजे काय रे?"

"जो तुझ्याकडे नाही तो."

"आणि 'बहुस्तरीय सहभाग'?"

"हां, ते जमेल तुला. अस्तराचा कोट शिवतेस की."

"हस, हस. एकशे चाळीस पानं आहेत आणि एकावरही चित्र नाही. मुलांनी करायचं काय, ते कुठेच नाही. नुसतं रुजवावे, बिंबवावे, जोपासावे! मी काय रोपवाटिका काढलीय?"

मार्गदर्शिका तिने वाचली मात्र पूर्ण. मग ती मिटून सहाव्या मशीनच्या डगमगत्या पायाखाली सारली. मशीन स्थिर झाली. "उपयोगाची आहे," आत्या म्हणाली.

मी तेव्हा आठवीतच होते. पहिल्याच तासाला माझ्या तोंडून भर वर्गात "आत्या" निघून गेलं आणि त्यानंतर अख्खा वर्ग तिला आत्याबाई म्हणायला लागला. तिनेही ते चालवून घेतलं. त्या तासाला तिने बटणांचा पत्र्याचा डबा पुढे केला. त्यात बत्तीस चिठ्ठ्या होत्या, बत्तीस मुलांसाठी बत्तीस देश. "हात घालायचा आणि येईल तो देश निमूट घ्यायचा," ती म्हणाली. "जन्माला येताना तरी कुठे कुणाला विचारलं होतं?"

ढब्बू नावाच्या मुलाला रशिया मिळाला. तो लगेच बाकावर असा फाकून बसला की शेजारचा खाली पडला. मला चिली मिळाला. वर्गातली सगळ्यात लहानखुरी आणि सगळ्यात तिखट मुलगी, जिला आम्ही मिरी म्हणायचो, तिला लेसोथो मिळाला.

"आत्याबाई, हा देश आहे की कुणी शिंकलंय?"

"देश आहे. शोध जा."

मिरीने भूगोलाच्या सरांच्या भिंतीवरच्या नकाशावर शोधलं. लेसोथो दक्षिण आफ्रिकेच्या पोटात होता. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिका. मिरी परत आली ती हिरमुसून. "बाहेर पडायलासुद्धा शेजाऱ्याच्या अंगणातून जावं लागतं."

पण आठवड्याभरात तिचा सूर बदलला. ग्रंथालयातून ती एकेक खबर घेऊन यायची आणि ज्याला त्याला ऐकवायची. अख्खा देश हजार मीटरच्या वर असलेला जगात हा एकच. राजधानी मासेरू. आणि शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या मोठमोठ्या शहरांना पाणी जातं ते लेसोथोच्या डोंगरांतून. "म्हणजे नळ आमच्याकडे आहे," मिरी म्हणायची आणि दक्षिण आफ्रिका झालेल्या मुलीकडे बघायची. ती बिचारी घाबरून पाण्याची बाटली दप्तरात ठेवायची.

दर सोमवारी प्रत्येकाने पेपरातली आपल्या देशाची एक बातमी आणायची, असा आत्याबाईंचा नियम होता. रशियाच्या इतक्या बातम्या यायच्या की ढब्बू त्या निवडण्यात दमून जायचा. लेसोथोची एकही यायची नाही. सहा सोमवार रिकामे गेल्यावर मिरीने संपादकांना पत्र लिहिलं:

"तुमच्या पेपरात बेचाळीस दिवसांत लेसोथोबद्दल एक ओळ आली नाही. तिथे वीस लाखांच्या वर माणसं आहेत. इतक्या माणसांनी बेचाळीस दिवस काहीच केलं नसेल, हे पटत नाही. कळवावे."

पत्र छापून आलं. दोन दिवसांनी, हवामानाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत एक ओळ आली: 'लेसोथोच्या डोंगरांत बर्फ.' मिरीने ती कापून वहीत चिकटवली आणि पुढच्या दोन पानांवर काही चिकटवलं नाही, हवा लागावी म्हणून.

एवढं सगळं छान चाललं होतं. पण अधिकाऱ्यांच्या तपासणीच्या फॉर्मचा नमुना आला आणि त्यात नवव्या क्रमांकाला लिहिलेलं होतं: 'दर्शनी फलक. आहे / नाही.'

"फलक म्हणजे काय हो?" आत्याने मोठ्या बाईंना विचारलं.

"काहीतरी भिंतीवर मोठं. जगाचं."

आत्या खोलीत आली, भिंतीकडे बघत उभी राहिली आणि मग तिने कापडाचं कपाट उघडलं. जगाचा नकाशा, बारा फूट लांब, कापडाचा. प्रत्येकाने आपला देश घरच्या चिंधीतून कापायचा. जे देश कुणाच्या वाट्याला आले नव्हते, ते जुन्या गणवेशांच्या करड्या कापडाचे. आणि शिवायची पद्धत अशी की ज्यांची सीमा एक, त्या दोघांनी एकाच मशीनवर बसायचं. एकाने पाय मारायचे, दुसऱ्याने कापड सरकवायचं. "एक जण कापड सरकवायला आणि दुसरा ओढायला लागला की सुई मोडते," ती म्हणाली. "मग सुई दोघांनी मिळून बदलायची."

पहिल्या आठवड्यात अकरा सुया मोडल्या. तिसऱ्या आठवड्यात एक.

भूगोलाच्या सरांचा नकाशा चौकोन आखून मोठा केला गेला. कागदावरचे देश बघताना आत्या हरखून गेली. तिने जगाकडे असं कधी बघितलंच नव्हतं. "अगंबाई, हा गांबिया बघा! हे तर सरळ सरळ काज आहे! आणि हा लेसोथो म्हणजे बटण." मग ती विचारात पडली. "पण काज तिकडे वर आणि बटण इकडे खाली? कुणी बेतलंय हे?"

भूगोलाचे सर अधूनमधून दारात येऊन उभे राहायचे. एकदा त्यांनी सहारावर बोट ठेवलं. "या वाळवंटात ही डोंगररांग कुठून आली?"

"चुणी पडलीय, सर."

"जगाला चुणी पडत नाही!"

"इस्त्री केली की जाईल," आत्या म्हणाली. सर कपाळाला हात लावून निघून गेले.

महासागराचं निळं कापड उशिरा आलं, आणि अपुरं आलं. अर्ध्या पॅसिफिकवर शेवटी चौकड्याचा पडदा लावावा लागला. तपासणीच्या दिवशी सकाळी पहिल्या तासाला शेवटची टीप पडली. तिसऱ्या तासाला अधिकारी येणार होते. बाक बाजूला सारून आम्ही नकाशा जमिनीवर पसरला आणि भोवती उभे राहिलो.

झळझळीत दिसत होता. प्रत्येकाने आपल्या राजधानीच्या जागी रेशमी दोऱ्याने चांदणी भरली होती.

मग मिरी म्हणाली, "माझा देश कुठाय?"

दक्षिण आफ्रिकेच्या पोटात, जिथे लेसोथो असायला हवा होता, तिथे चुण्यांचं एक वर्तुळ होतं, आत ओढलं गेलेलं. दक्षिण आफ्रिकेला बेंबी आली होती.

मी चिली शोधला. अर्जेंटिना जिथे संपत होता तिथे थेट समुद्र सुरू होत होता. मध्ये एक बारीक फुगीर दोरी तेवढी होती. माझा चार हजार किलोमीटर लांबीचा देश पायपिंग झाला होता. मग एकेक आवाज उठू लागला. "माझा पण नाही!" "माझा अर्धाच आहे!" "आत्याबाई, गांबियाचं काज बुजलंय!" फक्त ढब्बू शांत होता. रशियाचा चारी बाजूंनी अर्धा इंच गेला होता आणि रशियाला त्याचा पत्ताही नव्हता.

आत्या खाली गुडघ्यांवर बसली. तिने बेंबीवरून बोट फिरवलं आणि तिच्या ध्यानात आलं. शिवणाचे विकत मिळणारे कागदी खाके असतात, त्यांत शिलाईची माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड, आधीच धरलेलं असतं. कागदाच्या रेषेवर कापायचं आणि अर्धा इंच आत शिवायचं. बावीस वर्षं तिने हेच शिकवलं होतं आणि आम्हालाही हेच शिकवलं. भूगोलाच्या नकाशात कुणी माया धरलेली नव्हती.

"दोन्हीकडून अर्धा-अर्धा, माझ्या हातून अख्खं जग एकेक इंचाने आटलं," ती म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला की मिरीसुद्धा तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

मग आत्याने सवयीने जे केलं ते केलं. कुठलंही शिवण हातात आलं की ती आधी उलटी बाजू बघायची. मार्क ती उलट्या बाजूलाच द्यायची. सुलट बाजू, ती म्हणायची, सगळेच बघतात. तिने नकाशाचं एक टोक धरलं, आम्ही बाकीची टोकं धरली, आणि जग पालथं घातलं.

सगळे तिथे होते.

लेसोथो होता, लाल कापडावर पांढऱ्या ठिपक्यांचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा, कडांसकट शाबूत, फुलासारखा उभा राहिलेला. चिली एखाद्या रिबिनीसारखा लोंबत होता. गांबिया बाहेर आला होता. भोवती दोऱ्यांची टोकं, गाठी, करड्या कापडाच्या कडा असा सगळा पसारा, पण एकही देश कमी नव्हता.

"असाच लावा!" मिरी ओरडली.

"उलटा?" ढब्बू म्हणाला. "आणि माझी चांदणी? मागून नुसती गाठ दिसते!"

झालं. खोलीत एकदम बत्तीस देश बोलायला लागले. बत्तीस नव्हे, एकतीस, कारण दक्षिण आफ्रिका कांजिण्यांनी घरी होती. आणि याच गोंगाटात दार उघडून मोठ्या बाई आत आल्या, मागून भूगोलाचे सर, आणि त्यांच्या मागे राखाडी कोट घातलेल्या, छातीशी फॉर्म धरलेल्या अधिकारीबाई.

आत्याचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते कोटाच्या दुसऱ्या बटणावर. ते एका धाग्यावर लटकत होतं. तिथून पुढे पंचवीस मिनिटं तिला त्या बटणाखेरीज दुसरं काही नीट दिसलं नाही, असं तिने नंतर घरी सांगितलं.

अधिकारीबाईंनी फॉर्ममधला पहिला प्रश्न वाचला. "जागतिक नागरिक म्हणजे काय? कुणीही सांगा."

ढब्बू उठला. "ज्याला दुसऱ्याचा देशही आपल्या देशाएवढाच मोठा वाटतो, तो. पण मॅडम, रशिया खरंच मोठा आहे. त्याला मी काय करू?"

"हं," असं म्हणून त्यांनी काहीतरी लिहिलं. मग खाली बघितलं. "हा दर्शनी फलक का? मग जमिनीवर कसा?"

मोठ्या बाई दातांतल्या दातांत पुटपुटल्या, "बाई, सुलट करा आणि टांगा, लवकर!"

"ते अजून ठरायचंय, मॅडम," मिरी म्हणाली. "सभा चालू आहे. तुम्ही उभ्या राहू नका, तिथे दक्षिण आफ्रिकेची खुर्ची रिकामी आहे."

का कोण जाणे, पण अधिकारीबाई बसल्या. कदाचित सकाळपासून त्यांना कुणी बसा म्हटलं नसेल. समोरच्या बाकावर आजारी मुलीची वही होती. त्यांनी ती सहज उघडली आणि आमचं भांडण चालू असताना त्या वाचत राहिल्या.

भूगोलाच्या सरांना राहवेना. "अहो, उलटा लावलात तर पूर्व तिकडे आणि पश्चिम इकडे! सूर्य पश्चिमेला उगवेल!"

"सूर्य नकाशा बघून उगवत नाही, सर," मिरी म्हणाली.

"मला एक सांगायचंय," अधिकारीबाई म्हणाल्या. सगळे वळले. त्यांचं बोट वहीत होतं. "दक्षिण आफ्रिकेला तीन राजधान्या आहेत. या मुलीनं तीन चांदण्या भरल्यायत. तीन! बाकी सगळ्यांनी एकेक. उलट्या बाजूनं काय दिसणार? तीन गाठी?"

"पण मॅडम, तुमच्या बेंबीत मी आहे," मिरी म्हणाली.

"कशात?"

"बेंबीत. सुलट बाजूला."

"हे बघ, मी तुला काही केलेलं नाही. शिवलं कुणी?"

"तुमच्या देशाच्या मुलीनं आणि मी. एकाच मशीनवर बसून." मिरीचा आवाज जरा खाली आला. "कापड मीच सरकवत होते. सरकवताना कळलंच नाही की मी कमी होतेय."

अधिकारीबाईंनी वहीतल्या ओळीवर पुन्हा बोट टेकवलं. मग म्हणाल्या, "तरीपण. तीन चांदण्या."

"आणि तुमच्या नळाला पाणी कुठून येतं?"

"त्याचे आम्ही पैसे मोजतो! इथे लिहिलंय!" त्या वही उंचावून म्हणाल्या, आणि त्या झटक्यासरशी बटण तुटलं, टप्पकन पडलं आणि घरंगळत अटलांटिकमध्ये जाऊन थांबलं. त्यांना ते कळलंही नाही. आत्याच्या तोंडून मात्र "अगाई" निघालं.

तास संपायला पाच मिनिटं उरली होती. मतदान घ्यायचं ठरलं. उलट्या बाजूला किती? चिली, गांबिया, सगळी बेटं. ढब्बूनेही हात वर केला. "उलट्या बाजूनं माझं कापड मऊ लागतं," असं त्याने कारण दिलं. सोळा. सुलट बाजूला किती? पंधरा. आणि ताठ वर गेलेला राखाडी बाहीचा एक हात. सोळा.

सगळे आत्याकडे बघू लागले. सभेची अध्यक्ष तीच होती.

मोठ्या बाई तिच्याकडे असं बघत होत्या जसं कड्याच्या टोकावर उभ्या असलेल्या माणसाकडे बघतात. समोर अधिकारीबाई बसल्या होत्या, विरोधी मत दिलेल्या, आणि त्यांच्या हातात फॉर्म होता. खिडकीतून उतरलेलं ऊन पहिल्या मशीनवर आलं होतं. आत्याने त्या सहा मशिनींवरून एकदा नजर फिरवली. दोऱ्या लोंबणारं, गाठींचं, तिच्या बावीस वर्षांत कुणाला दाखवलं नसतं असं शिवण भिंतीवर टांगायचं होतं, आणि तेही तिच्याच खोलीत.

"मार्क मी उलट्या बाजूलाच देत आलेय," ती म्हणाली. "आता कुठल्या तोंडानं फिरवू?"

तिने हात वर केला. हातात कात्री होती, ती खाली ठेवायची राहून गेली होती.

एकच जल्लोष झाला. आम्ही टेबलावर चढून नकाशा टांगला, सगळ्या दोऱ्यांनिशी. भूगोलाचे सर भिंतीकडे पाठ करून उभे राहिले. अधिकारीबाई उठल्या, फॉर्म सरळ केला आणि आत्यासमोर येऊन कोरड्या आवाजात म्हणाल्या, "शेवटचा प्रश्न शिक्षकांसाठी आहे. या कार्यक्रमातून आपण नेमकं काय साध्य केलंत?"

पण आत्याने तोवर अटलांटिकमधून बटण उचललं होतं, सुई ओवली होती आणि विचारल्याशिवाय त्यांच्या कोटाला हात घातला होता. आता धागा तिच्या दातांत होता.

"म्म्म," ती म्हणाली.

अधिकारीबाईंना हलता येईना. हातात फॉर्म होता पण लिहिता येईना, कारण हात उचलला की बटण ओढलं जायचं. त्या तशाच उभ्या राहून समोरच्या भिंतीकडे, तिकिटाएवढ्या त्या लाल लेसोथोकडे बघत राहिल्या.

"त्या म्हणतायत," मिरीने मध्येच सांगून टाकलं, "की अजून साध्य व्हायचंय. अर्धा इंच चुकलाय."

आत्याने धागा तोडला. घंटा झाली. अधिकारीबाई फॉर्म छातीशी धरून निघून गेल्या.

पुढचे तीन आठवडे आत्याने अहवालाची वाट बघण्यात काढले. बाबांनी एकदा खाकी कागदाची गुंडाळी आणून तिच्या पुढ्यात ठेवली. "सराव कर," ते म्हणाले. तिने ती उलगडली, त्यावर खडूने लेसोथो काढला, भोवती पुरता अर्धा इंच सोडून दुसरी रेघ मारली आणि कापला. "आता बरोबर," असं म्हणून तो तिने त्यांच्या पेपरावर ठेवला. बाबांनी त्या दिवशी पेपर त्याच्याभोवतीनेच वाचला.

अहवाल आला तेव्हा मोठ्या बाई स्वतः खोलीत आल्या. उभ्यानेच वाचू लागल्या.

"दर्शनी फलक: आहे. उलटा आहे. विद्यार्थ्यांची तयारी: जास्त." त्या थांबल्या, चष्मा वर केला आणि पुढचं सावकाश वाचलं. "सर्वसाधारण शेरा: झालेल्या मतदानात दक्षिण आफ्रिकेचे म्हणणे पुरेसे ऐकून घेतले गेले नाही. वेळ अपुरा होता. सबब पुढील वर्षी हाच विषय पुन्हा चर्चेस घ्यावा. अधोस्वाक्षरीकर्ती स्वतः उपस्थित राहील. तोपर्यंत खोली, मशिनी, फलक व शिक्षिका आहेत तशाच ठेवाव्यात."

"म्हणजे काय?" आत्याने विचारलं.

"म्हणजे कव्हरं नाहीत," मोठ्या बाई म्हणाल्या. "मोडके बाक कुठे ठेवू, ते आता तुम्हीच सांगा."

ते भूगोलाच्या खोलीत गेले.

मोठ्या बाई गेल्यावर आत्याने तो कागद हातात घेतला. वाचला नाही. तिने तो आधी पालथा केला. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, कुणाला दिसू नये इतक्या फिकट अक्षरांत लिहिलं होतं: 'बटण पक्कं बसलंय. बाकीचीही तीन बघून द्याल का?'